फोन धरू नका, बसवा: गाडीतला टिकाऊ मोबाईल होल्डर कसा घडवायचा

(शाहूवाडी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, मोबाईलच्या होल्डरवर कसलं आलंय व्याख्यान? दुकानात शे-दोनशे रुपयांना मिळतो, मोडला की दुसरा आणायचा. पण तो मोडतो का, आणि मोडतो तेव्हा नेमकं काय होतं, हे बघायला लागलो की या छोट्या वस्तूत यंत्रशास्त्राचे चार-पाच मोठे धडे सापडतात. ते धडे आज आपण एकेक करून सोडवू. जे ऑनलाइन वाचत आहेत त्यांनी जवळ एक पट्टी आणि आपला फोन ठेवावा. मध्ये एक प्रयोग करायचा आहे.

आधी जागेबद्दल बोलू. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा रस्ता, आजचा राष्ट्रीय महामार्ग 166, वाघबीळ ओलांडून बांबवडे, मलकापूर करत आंब्याला पोचतो आणि आंबा घाटातून साखरप्याकडे उतरतो. म्हणजे आपल्या तालुक्यातून आरपार. या एकाच रस्त्यावर वडापच्या जीपा आहेत, दुधाचे टेम्पो आहेत, हंगामात उसाचे ट्रॅक्टर आहेत, आणि विशाळगडाला निघालेली बाहेरगावची मंडळी आहेत, ज्यांना रस्ता फक्त फोनच सांगतो. पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं, तेव्हा पुढचं वळण डोळ्यांच्या आधी नकाशावर दिसतं. मग फोन काचेसमोर असावा असं प्रत्येकालाच वाटतं.

आता कल्पना करा, वळणावर तो फोन निसटला. तो पायाशी पडतो, किंवा पडायच्या बेतात लोंबतो. ड्रायव्हरचा हात विचार न करता त्याच्यामागे जातो आणि हाताच्या मागोमाग डोळे जातात. हिशोब सोपा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली तर 33 मीटर रस्ता न बघता कापला गेला. घाटात वेग 30 धरा, तरी 17 मीटर होतात. घाटातल्या वळणाला तेवढी जागा कुठं असते? अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2013 साली गाडीतल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही एका वेळची नजर दोन सेकंदांच्या आत असावी अशीच मर्यादा घातली आहे. पडणारा फोन उचलणं दोन सेकंदांत होत नाही, हे आपण सगळे जाणतो.

कायद्याचंही बघू. 1 ऑक्टोबर 2020 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती लागू झाली, तिच्यानुसार गाडी चालवताना हातातलं संपर्क साधन फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. बोलणं, मेसेज, व्हिडिओ यांना परवानगी नाही. म्हणजे होल्डरचं काम ठरलं: फोन नजरेच्या टप्प्यात, न हलता, हात न लावता वाचता येईल असा ठेवणं. वर्षानुवर्षं.

होल्डर मोडतो कुठं?

मोडलेले होल्डर पाहिले तर चार जागा पुन्हापुन्हा दिसतात. एक, काचेला चिकटणारी रबरी वाटी सुटते. दोन, लांब वाकडा दांडा सैल पडतो, मान टाकतो. तीन, फोनला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा ढिला होतो किंवा त्याची प्लॅस्टिकची बिजागरी चिरते. चार, एसीच्या जाळीला अडकवलेला असेल तर जाळीचं पातळ पातंच तुटतं, म्हणजे होल्डर शाबूत आणि गाडीचं नुकसान.

या चारही दोषांवर लोकांचा उपाय एकच असतो: पकड घट्ट करा. मोठी वाटी घ्या, जाड दांडा घ्या, कडक स्प्रिंग घ्या. आमचं सगळं सांगणं याच्या उलट आहे. पकडीवर विसंबलेली रचना टिकत नाही, कारण पकड म्हणजे सतत ताण, आणि सततच्या ताणाने रबर, प्लॅस्टिक, स्प्रिंग सगळं हळूहळू थकतं. फोन धरू नका, बसवा. वजन खालच्या कट्ट्यावर बसू द्या, पाठ मागच्या पाटाला टेकू द्या. पकडीला फक्त फोन खडखडू नये एवढंच काम ठेवा. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीचं व्याख्यान विसरलात तरी चालेल.

तरफ: घागर कमरेवर का घेतात

नदीवरून पाणी आणणारी बाई घागर कमरेला टेकवून किंवा डोक्यावर घेऊन येते. हात लांब करून त्यावर घागर टांगून कुणी चालत नाही. वजन तेवढंच असतं, पण अंगापासून जितकं लांब, तितका खांद्याला पीळ जास्त. होल्डरचा लांब दांडा हा असाच लांब केलेला हात आहे.

आकड्यांत बघू. फोन साधारण 200 ग्रॅमचा, कव्हर आणि होल्डरचा पुढचा भाग मिळून 300 ग्रॅम धरू. खड्ड्यात गाडी आदळली की हेच वजन क्षणभर दोन-तीन पट भासतं. म्हणजे 900 ग्रॅमपर्यंत. दांडा 20 सेंटीमीटरचा असेल तर बुंध्याला जो पीळ बसतो, तो 7 सेंटीमीटरच्या दांड्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. इथवर सगळ्यांना पटतं. पुढची गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

एका टोकाला पक्की धरलेली पट्टी दुसऱ्या टोकाला वजन दिल्यावर किती लवते, ते लांबीच्या घनावर ठरतं. लांबी दुप्पट केली की लवणं आठपट होतं. आपल्या 7 आणि 20 सेंटीमीटरच्या पट्ट्यांत हा फरक सुमारे 23 पट पडतो! तिप्पट पीळ, आणि तेवीस पट लवणं. जाडीचं नेमकं उलट: जाडी दुप्पट केली की लवणं आठव्या हिश्शावर येतं. म्हणून डिझाइन करताना पहिला प्रश्न 'कशाचा करू' हा नसतो. पहिला प्रश्न 'किती आखूड करता येईल' हा असतो.

एका पट्टीचा प्रयोग

आता तो प्रयोग. होल्डर रिकामा असताना त्याच्या पुढच्या टोकाची उंची पट्टीने मोजा. मग फोन ठेवा आणि पुन्हा मोजा. टोक किती खाली आलं? त्या एका आकड्यावरून तुमचा होल्डर सेकंदाला किती वेळा थरथरेल हे कळतं.

सूत्र असं: मिलिमीटरमधल्या लवण्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. उत्तर येतं ते सेकंदाला किती कंप, म्हणजे हर्ट्झ. होल्डर 4 मिलिमीटर लवला तर सुमारे 8 हर्ट्झ. 2 मिलिमीटरला 11. एक मिलिमीटरला 16. पाव मिलिमीटरला 31 ते 32. वजनाचा आकडा सूत्रात नाही, कारण वजन आणि कडकपणा या दोघांचा हिशोब लवण्यात आधीच झालेला असतो. ही होल्डरची स्वतःची लय. झोपाळ्याला जशी असते तशी.

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. याला अनुनाद म्हणतात. मग गाडी कोणत्या लयीत धक्के देते? स्प्रिंगवर संपूर्ण बॉडी वरखाली होते ती सेकंदाला एक-दोन वेळा. खडबडीत रस्त्यावर चाकं आणि ॲक्सल जे नाचतात, ते साधारण 10 ते 15 वेळा. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर उभ्या गाडीत चालू असेल तर त्याचे धक्के सेकंदाला 20, आणि चार सिलिंडरचे सुमारे 27.

आता जोडून बघा. बाजारातला लांब दांड्याचा होल्डर एक ते तीन मिलिमीटर लवला, तर त्याची लय 9 ते 16 च्या मध्ये कुठं तरी पडते. म्हणजे नेमकी चाकांच्या नाचाशी जुळते! गाडी खराब रस्त्याला लागली की फोन ताडताड हलायला लागतो, अक्षरं वाचता येत नाहीत, ड्रायव्हर जास्त वेळ टक लावून बघतो, आणि तिकडे प्रत्येक सांध्यावर सेकंदाला दहा-पंधरा वेळा घण बसतोय. दांडा सैल पडला तो फोनच्या वजनाने पडला असं आपल्याला वाटतं. खरं तर तो या लयीने सैल केला.

म्हणून लक्ष्य ठरवा: फोन ठेवल्यावर लवणं पाव मिलिमीटरपेक्षा कमी. पट्टीवर ते दिसूच नये. मग लय 30 च्या वर जाते, चाकं आणि उभं इंजिन दोन्ही खाली राहतात. इंजिनाचा वेग वाढला की त्याचे धक्केही 30 च्या पुढे जातात हे खरं, पण जलद कंपांत हालचाल बारीक असते, आणि सांध्यात रबराचा एक पातळ थर दिला की तो ती पचवतो.

हे जमतं का? 25 मिलिमीटर रुंद, 2 मिलिमीटर जाड पोलादी पट्टी घ्या, 7 सेंटीमीटर बाहेर काढा, टोकाला 300 ग्रॅम ठेवा. ती एक दशांश मिलिमीटर लवते. लय 50 हर्ट्झ. तीच पट्टी 20 सेंटीमीटर बाहेर काढली तर 2.3 मिलिमीटर लवते आणि लय 10 वर येते. माल तोच, पट्टी तीच. एक होल्डर टिकतो, दुसरा टिकत नाही, आणि फरक फक्त 13 सेंटीमीटरचा आहे. ॲल्युमिनियम हवं असेल तर 3 मिलिमीटर जाडी घ्या. ते जवळपास तेवढंच कडक होतं आणि वजनाला पोलादाच्या निम्मं भरतं.

या हिशोबात बुंधा हलत नाही असं धरलंय. डॅशबोर्डचं पातळ प्लॅस्टिक स्वतःच लवत असेल तर पट्टी कितीही कडक करा, उपयोग नाही. म्हणून बुंध्याखाली रुंद पत्र्याचा आधार द्यायचा, म्हणजे जोर मोठ्या जागेवर वाटला जातो.

रबरी वाटीची गोष्ट

वाटी काचेला चिकटते असं आपण म्हणतो. खरं तर बाहेरची हवा तिला दाबून ठेवते. 6 सेंटीमीटर व्यासाच्या वाटीचं क्षेत्रफळ 28 चौरस सेंटीमीटर. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो, म्हणजे आतली सगळी हवा काढली तर 28 किलोंची पकड. 'घाटावर हवा विरळ म्हणून वाटी सुटते' असं काही जण म्हणतात. कोल्हापूरच्या उंचीला दाब सहा-सात टक्के कमी असतो. म्हणजे 28 चे 26 झाले. 300 ग्रॅमच्या वस्तूला 26 किलो कमी आहेत का? दोष उंचीचा नाही.

दोष उन्हाचा आणि सोलण्याचा आहे. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो? अमेरिकेतल्या ॲरिझोनात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हात तासभर ठेवलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सिअसपर्यंत पोचले होते. वाळवंटातलं ऊन आणि आपलं ऊन एक नाही, पण एप्रिल-मेच्या दुपारी बंद गाडीतल्या डॅशबोर्डला हात लावून बघा. त्या तापात वाटीत उरलेली हवा फुगते, वाटीचं मऊ प्लॅस्टिक ढिलं पडतं. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य दर उन्हाळ्यात थोडं थोडं निघून जातं आणि वाटी कडक होते. कडक वाटीची कड काचेवर नीट बसत नाही. त्यात लांब दांड्याचा पीळ वाटीची वरची कड सोलत असतो. पोस्टाचं तिकीट ओढून निघत नाही, कोपऱ्यातून सोललं की निघतं. तसंच हे.

म्हणून वाटी वापरायचीच असेल तर दांडा आखूड ठेवा, उभी गाडी सोडताना होल्डर काढून ठेवा, आणि वाटी दरवर्षी बदलायची वस्तू आहे असं धरा. दुहेरी चिकट फोम टेप जास्त चांगली, पण तिला दोन शत्रू: डॅशबोर्डवरचं चकाकीचं पॉलिश आणि घाई. पॉलिशच्या थरावर टेप चिकटली तर ती पॉलिशला चिकटते, डॅशबोर्डला नाही. आधी स्पिरिटने पुसा, वाळू द्या, दाबून लावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत फोन ठेवू नका. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपला पूर्ण जोर यायला तीन दिवस लागतात.

माल कोणता?

छापील, म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर काढलेले होल्डर हल्ली दिसतात. त्यात सर्वांत स्वस्त पडणारं पीएलए प्लॅस्टिक 55 ते 60 अंशांना मऊ होतं. म्हणजे बंद गाडीतली एकच दुपार पुरे, संध्याकाळी होल्डर नमस्कार घालून बसलेला. एबीएस साधारण 100 अंशांपर्यंत तग धरतं, पण उन्हाच्या किरणांनी ठिसूळ होतं. एएसए हे त्याचंच उन्हाला सोसणारं भावंड, छपाईला तेच घ्यावं. काचतंतू घातलेलं नायलॉन आणखी बरं. स्प्रिंगच्या जागी प्लॅस्टिकची वाकणारी जीभ नको. ती सतत ताणलेली राहते आणि तापात हळूहळू त्याच वाकात स्थिरावते. मग पकड गेली.

पण आपल्या जिल्ह्यात बसून प्लॅस्टिकचाच विचार कशाला? कोल्हापूरचं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे पत्रा कापणं, वाकवणं, पावडर कोटिंग करणं हे रोजचं काम आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत नुसतं लोखंड गंजेल, म्हणून कोटिंग हवंच, आणि भोकं पाडून झाल्यावर कोटिंग हवं. कोटिंगनंतर पाडलेल्या भोकाच्या कडेपासून गंज सुरू होतो.

आमची शिफारस

आता हे सगळं एका वस्तूत मांडू.

मागे एक पाट: फोनच्या पाठीएवढा नको, दोन-तृतीयांश उंचीचा पुरे. पाट मागे 15 ते 20 अंश कललेला, म्हणजे फोन आपल्याच वजनाने त्यावर रेलतो. खाली कट्टा: 15 मिलिमीटर खोल, पुढच्या बाजूला छोटा ओठ. कट्ट्याच्या मध्ये चार्जरच्या पिनेसाठी खाच, तिथूनच धूळ आणि पाणी खाली जातं. दोन्ही बाजूंना आडवे थांबे, फोनपेक्षा दोन-दोन मिलिमीटर सैल. ही सैल जागा रबरी अस्तराने भरायची. वरून एक रबरी पट्टा किंवा एका बाजूला हलकी पोलादी स्प्रिंग, तिचं काम फक्त खडखड थांबवणं.

अस्तर आणि पट्टा हे बदलता येण्यासारखे ठेवा. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव का चढवतात? झिजायची ती धाव झिजावी, चाक नाही. इथे रबर म्हणजे धाव. वडापचा ड्रायव्हर दिवसाला 20 वेळा फोन काढतो-घालतो असं धरलं तर वर्षाला 7,300 वेळा होतात. एवढ्या घासणीत काहीतरी झिजणारच. काय झिजावं हे आपण ठरवायचं.

बुंधा: जुन्या जीपांचा डॅशबोर्ड पत्र्याचा असतो, तिथे दोन 5 मिलिमीटरचे बोल्ट आणि नायलॉकचे नट. एक बोल्ट नको, एका बोल्टवर वस्तू फिरते. नव्या गाड्यांत भोक पाडण्याऐवजी म्युझिक सिस्टिमच्या चौकटीचे मूळचे स्क्रू असतात, त्यांच्याखाली पट्टी दाबून घ्या. एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या फुगण्याच्या वाटेत काहीही लावायचं नाही. एअरबॅग सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांश भागात उघडते, वाटेत आलेली वस्तू गोळीसारखी सुटते.

चार्जरची वायर पिनेपासून चार बोटांवर पाटाला बांधून टाका. नाहीतर वायरीचा प्रत्येक हिसका फोनच्या सॉकेटला बसतो.

अपघाताचा विचारही इथेच करायचा. ताशी 50 किलोमीटरवरून गाडी सेकंदाच्या एक दशांशात थांबली तर 200 ग्रॅमचा फोन जवळपास 3 किलोंच्या जोराने पुढे जाऊ बघतो. पुढे म्हणजे काचेकडे. तिथे आपला पाट उभा आहे, तो धक्का घेतो. परतीच्या झटक्याला वरचा पट्टा आहे. बसवलेल्या फोनचा हा फायदा, चिमट्यात धरलेल्या फोनला असा आधार नसतो. आणि सगळ्या कडा गोल करा, निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येच्या. वडापमध्ये पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकलेले असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

जागा: स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला, काचेच्या खालच्या कडेखाली. पडदा रस्त्याच्या दृश्याआड येता कामा नये, आणि हात लांबवायला पाठ सीटवरून उचलावी लागता कामा नये.

परीक्षा

बनवल्यावर लगेच आपला फोन ठेवू नका. फोनच्या मापाची लाकडी फळी घ्या, तिला वजन बांधून 250 ग्रॅम करा. पहिली परीक्षा पट्टीची, ती सांगितलीच. दुसरी उन्हाची: तीन दुपारी बंद गाडीत फळी ठेवून द्या आणि कलण्याचा कोन आधी-नंतर मोजा. कोन बदलला तर माल चुकला. तिसरी रस्त्याची: मलकापूर ते आंबा आणि परत, मग प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारलेली असेल ती सरकली का बघा. चौथी हाताची: फळी पाचशे वेळा काढा-घाला. कंटाळवाणं आहे, पण पोरांना सुट्टी असते. चारही परीक्षांत उतरला तर मग फोन ठेवा.

निवडक प्रश्नोत्तरे

*चुंबकाचा होल्डर सोपा पडतो. तो का नको?*

सोपा आहे, नाकारत नाही. पण चुंबक ही पुन्हा पकडच झाली. खड्ड्यात फोन खाली सरकायला बघतो, तेव्हा त्याला अडवतं ते चुंबकाचं ओढणं नाही, पृष्ठभागांमधलं घर्षण अडवतं, आणि ते ओढण्यापेक्षा बरंच कमी असतं. गुळगुळीत कव्हर असेल तर आणखी कमी. शिवाय साध्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा 80 अंशांच्या आसपास आहे. चुंबक लावायचाच तर खाली कट्टा द्या. मग वजन कट्टा घेईल आणि चुंबक खडखड थांबवेल.

*मोटरसायकलला हीच रचना चालेल का?*

नाही. ॲपल कंपनीने 2021 साली स्वतःच जाहीर केलं, की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकल इंजिनाच्या कंपांनी फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते. तिथे कडक पट्टीच्या आधी रबरी बुश हवेत, म्हणजे हँडलचे बारीक कंप फोनपर्यंत पोचत नाहीत. तो वेगळा हिशोब आहे.

*उसाच्या ट्रॅक्टरवर?*

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना स्प्रिंग नसतात, जे काही शोषून घेतलं जातं ते टायरमध्ये. धक्के मोठे. रचना हीच, पण पट्टी 7 ऐवजी 4-5 सेंटीमीटर, वरचा पट्टा सक्तीचा, आणि पावसासाठी झाकण. झाकण पारदर्शक प्लॅस्टिकचं असेल तर उन्हात फोन भाजतो, म्हणून मागून हवा खेळती ठेवा.

*एसीच्या जाळीवर लावला तर फोन थंड राहतो. तेवढा फायदा सोडायचा का?*

फायदा खरा आहे. आयफोनसाठी बनवणाऱ्यांनी वापराची मर्यादा 35 अंशांपर्यंत सांगितली आहे. मे महिन्यात नकाशा आणि चार्जिंग एकदम चालू असलं की फोन तापून पडदा मंद करतो. म्हणून हवा घ्या, आधार घेऊ नका. होल्डर डॅशबोर्डला बसवा आणि त्याची जागा अशी निवडा की जाळीतली हवा फोनच्या पाठीवरून जाईल. पाटाला दोन-चार मोठी भोकं पाडा, काम झालं.

*एवढं करण्यापेक्षा फोन खिशात ठेवलेला बरा नाही का?*

रस्ता पाठ असेल तर नक्कीच बरा. मलकापूर-आंबा रोज करणाऱ्याला नकाशा कशाला हवा? फोन आला तर गाडी बाजूला घ्या आणि बोला. होल्डर हवा तो अनोळखी रस्त्यावर, रात्री, धुक्यात. आणि जिथे हवा, तिथे तो पडणारा नसावा. गाडीत आपल्यामागे सात-आठ माणसं बसलेली असतात. त्यांचा भरवसा आपल्या नजरेवर असतो. ती नजर रस्त्यावर राहावी म्हणून आखूड पट्टी, खालचा कट्टा आणि मागचा पाट, एवढंच करायचं आहे. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात हे एका दिवसात होतं.

वेळ संपली. ज्यांनी आपापल्या होल्डरचं लवणं मोजलं असेल त्यांनी आकडा सांगायला थांबा, चहा आहे.